‘बऱ्या आहेत’ एवढ्यावर थांबू नका

पत्र (2022 च्या सुरुवातीचं, कोविडच्या तिसऱ्या लाटेतलं), थोडक्यात: आई 76 वर्षांची. पाच वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे, शिवाय मधुमेह आणि रक्तदाब. मागच्या ऑगस्टपासून ती सोलापुरात, अक्कलकोट रोडवरच्या एका निवासी केंद्रात राहते. मी पुण्यात असते, भाऊ सोलापुरातच. तिसरी लाट आल्यापासून, म्हणजे सहा आठवडे, भेट बंद आहे. रविवारी पाच मिनिटं व्हिडिओ कॉल होतो. आठ-दहा दिवसांपासून अम्मा झोपेतच वाटते. गाल बसलेत, आमच्याशी तेलुगूत बडबडायची ती आता गप्प असते. केंद्रवाले म्हणतात, ‘आमच्याकडे एकही पॉझिटिव्ह नाही, त्या बऱ्या आहेत.’ वजन विचारलं तर काटा बिघडलाय म्हणाले. भाऊ म्हणतो, फार विचारू नकोस, नाहीतर तिला घेऊन जा म्हणतील. आत काय चाललंय ते बाहेरून कसं ओळखायचं? तिला घरी आणू का?

उत्तर:

ताई, केंद्राच्या दर्जाचा विचार नंतर करू. आधी आजच केंद्राला फोन करा आणि डॉक्टरांना अम्मांना प्रत्यक्ष तपासायला सांगा. स्मृतिभ्रंश महिन्या-महिन्यांनी वाढतो. आठ-दहा दिवसांत बोलकं माणूस गप्प आणि पेंगुळलेलं होत असेल, तर ‘आजार पुढे सरकला’ म्हणून सोडून देता येत नाही. त्यामागे बहुतेक वेळा दुसरं कारण असतं आणि ते बरेचदा दुरुस्त होण्यासारखं असतं. मधुमेहाच्या गोळ्या तेवढ्याच चालू आणि जेवण मात्र निम्म्यावर, अशा वेळी साखर खाली जाते. विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर. म्हणून सगळ्यात आधी बोटावरची साखर तपासायला सांगा. 70 च्या खाली असेल तर ती तातडीची बाब आहे. मग पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, लघवी तुंबणं, चार-पाच दिवसांची बद्धकोष्ठता, नव्याने सुरू केलेली गोळी, हे एकेक बघायला हवं. आणि कोविडसुद्धा. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णात कोविड खोकला-तापाशिवाय नुसत्या गुंगीच्या किंवा अन्न टाकण्याच्या रूपात येऊ शकतो. अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली आणि लक्षणं तशीच राहिली, तर आरटीपीसीआर करायला सांगा. ऑक्सिजन 94 च्या खाली असेल किंवा अम्मा हाक मारूनही नीट जाग्या होत नसतील, तर केंद्रात वाट बघत बसू नका. सिव्हिल किंवा तुमच्या नेहमीच्या रुग्णालयात हलवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. ‘एकही पॉझिटिव्ह नाही’ हे खरं असेल तर त्याचं श्रेय केंद्राला द्यायलाच हवं. पण त्यावरून फक्त विषाणू बाहेर राहिला एवढंच कळतं. दरवाजा बंद केल्यानंतर आतल्या माणसाला कोणी उठवतं का, चालवतं का, भरवतं का, त्याच्याशी बोलतं का, हे त्यातून कळत नाही. पूर्वी तुम्ही अचानक जाऊन उभ्या राहत होता तेव्हा केंद्रावर नकळत एक नजर असायची. ती नजर गेली आहे. तिची जागा कागदाने आणि नेमक्या प्रश्नांनी भरून काढावी लागेल.

सुरुवात औषधांच्या तक्त्यापासून करा. सध्या चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव, मात्रा, वेळ, कधीपासून आणि कोणत्या डॉक्टरांनी लिहिली, हे सगळं असलेल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. ऑगस्टमधल्या चिठ्ठीशी ताडून बघा. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही मनोविकारविरोधी औषधं किंवा क्लोनाझेपाम, लोराझेपाम या झोपेच्या गोळ्या, यांपैकी काही नवीन दिसलं, तर गुंगीचं कारण तिथेच असू शकतं. साथीत माणसं कमी पडली, फेरफटका बंद झाला, रुग्ण अस्वस्थ झाले की गोळी वाढते. आपल्याकडेच असं नाही, 2020 मध्ये इंग्लंडमध्येही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना मनोविकारविरोधी औषधं देण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं. यातल्या मनोविकारविरोधी औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्ये, आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांसाठी 2008 मध्ये दिला आहे. याचा अर्थ ती कधीच द्यायची नाहीत असा नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल इतका उद्रेक असेल, भास छळत असतील, तर लहान मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी ती लागतात. मात्र साधारण दर सहा आठवड्यांनी ‘अजून हवी का?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायला हवा. तक्त्यावर तशी नोंद नसेल तर गोळी कशासाठी सुरू झाली हे कोणाच्याच लक्षात उरलेलं नाही, असं समजा.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. रिस्पेरिडोनने हातपाय ताठरतात म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल जोडलं जातं, कधी दोन्ही एकाच गोळीत असतात. हे जोडऔषध स्मृतिभ्रंशात स्मरण आणखी बिघडवतं, भ्रम वाढवतं, लघवी आणि शौच अडवतं. सर्दीच्या काही गोळ्यांतल्या क्लोरफेनिरामिनचंही तसंच. यांपैकी कोणतंही नाव दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून विचारा. पण यातलं काहीही फोनवरून स्वतः बंद करायला सांगू नका. एकदम तोडल्याने, विशेषतः झोपेच्या गोळ्या तोडल्याने, वेगळाच त्रास होतो.

वजनाचं उत्तर आम्हाला पटलेलं नाही. काटा बिघडू शकतो, पण सहा आठवडे बिघडलेलाच राहिला तर वजनाकडे कोणाचं लक्ष नाही एवढं नक्की. महिन्याभरात 5 टक्के वजन उतरणं ही धोक्याची खूण आहे. अम्मा 52 किलो असतील, तर 5 टक्के म्हणजे 2.6 किलो. उभं राहता येत नसेल तर खुर्चीसकट मोजून खुर्चीचं वजन वजा करता येतं. काटा नसेलच तर शिंप्याची टेप पुरते: खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून दंडाचा घेर घ्यायचा. तो 23.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर वजन कमी असण्याची शक्यता मोठी. दर पंधरा दिवसांनी, त्याच हाताचा घेर घेऊन तुम्हाला कळवायला सांगा.

वजन का उतरतं, हे कळायला जेवणाच्या वेळचा एक व्हिडिओ कॉल मागून घ्या. स्मृतिभ्रंशात माणूस घास तोंडात धरून बसतो, चावायचं विसरतो. एका ताटाला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. एकाच वेळी तीन जणांना भरवणारी बाई तेवढा वेळ देऊ शकत नाही, मग ताट तसंच उचललं जातं आणि नोंदीत ‘जेवल्या’ असं लिहिलं जातं. अम्मा ताठ बसल्या आहेत का, कवळी घातली आहे का, घास गिळल्यावरच पुढचा दिला जातो का, ते बघा. आडवं ठेवून भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. जेवणानंतरही अर्धा तास बसवून ठेवायला हवं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी जन्मभर खाल्लेली असली तरी आता कोरडी नको. ज्वारीची ताजी भाकरी दुधात किंवा आमटीत पूर्ण भिजवून कुस्करलेली, आंबील, मऊ भात असं चालेल. पाण्याचा हिशेब दिवसाला साधारण दीड लिटरचा ठेवा, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर. ‘पाणी उशाशी ठेवलंय’ हे उत्तर घेऊ नका. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला तहान कळत नाही, समोरचा पेला पाण्याचा आहे हेही कळत नाही. हातात द्यावा लागतो. सोलापूरचा उन्हाळा तोंडावर आलाय, हे आत्ताच बसवून घेतलेलं बरं.

आता नोंदवही. ताप, ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब यांच्या गेल्या पंधरा दिवसांच्या पानांचा फोटो मागवा आणि आकड्यांपेक्षा त्यांची ठेवण बघा. रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिजन 98, ताप 97.6, एकाच शाईत, एकाच हाताने, एकही खाडाखोड नाही, असं पान असेल तर ते बहुधा एका बैठकीत भरलेलं आहे. खऱ्या मोजमापात आकडे खाली-वर होतात. थंड बोटाला किंवा मेंदी-नेलपॉलिश असलेल्या बोटाला ऑक्सिमीटर चुकतो, मग कोणीतरी ‘पुन्हा घेतलं’ असं लिहितं. कधी ‘घेऊ दिलं नाही’ असंही लिहिलेलं असतं. अशी थोडी विस्कटलेली वही आम्हाला जास्त विश्वासाची वाटते. तापाबाबत एवढं ध्यानात ठेवा की वृद्धांचं नेहमीचं तापमान कमी असतं. एकदा जरी 100 फॅरनहाइटच्या वर गेलं, किंवा त्यांच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा 2 अंशांनी वाढलं, तरी तो ताप धरायचा. वहीत 101 होईपर्यंत कोणी डॉक्टरांना कळवत नसेल तर उशीर होतो.

रात्री किती माणसं असतात ते विचारा, आणि ‘पुरेशी’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. साधा हिशेब करा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. कूस बदलणं, लंगोट बघणं, पुसणं, घोटभर पाणी देणं यात एकामागे बारा मिनिटं धरली, तर आठ जणांना 96 मिनिटं लागतात. दोन तासांतली उरली 24. त्यात एक जण उठून चालू लागला, एकाला उलटी झाली की सगळं कोलमडतं. एकटी मावशी वीस खाटा सांभाळत असेल तर ती कितीही चांगली असली तरी कुशी बदलल्या जाणार नाहीत. त्याचा परिणाम माकडहाड, टाचा, कमरेच्या बाजू इथे दिसतो. आठवड्यातून एकदा नर्सने या जागा बघून तुम्हाला सांगावं: बोटाने दाबल्यावरही न फिकुटणारा लालसरपणा किंवा काळसर डाग, कातडी फुटलेली, काही आहे का? टाचा कॅमेऱ्यावर दाखवायला हरकत नाही. बाकीच्या जागांसाठी कॅमेरा नको, अम्मांचा संकोच अजून जागा असेल.

संसर्ग रोखण्याच्या व्यवस्थेबद्दल बहुतेक नातेवाईक सॅनिटायझर आणि फवारणी विचारतात. त्यापेक्षा हे विचारा: आजारी पडलेल्या कर्मचाऱ्याचा पगार कापता का? रोजंदारी बुडणार असेल तर बाई ताप लपवून कामाला येते, आणि मग कुठलीही फवारणी उपयोगी पडत नाही. पगारी रजा देणारं केंद्र या एका बाबतीत बाकीच्यांच्या पुढे आहे, असं आम्ही मानतो. त्याच बाया दुसऱ्या केंद्रात किंवा घरोघरी रात्रपाळी करतात का? एका मजल्यावर तीच ठरलेली माणसं असतात का? खिडक्या उघड्या असतात का? सर्वांचे कोविड लसीचे दोन्ही डोस झालेत का? नळाला पाणी रोज येत नसेल तर टाकी किती मोठी आहे आणि टँकर कधी मागवतात, हेही विचारा. हात धुवायला आणि रुग्णांना स्वच्छ ठेवायला पाणी नसेल तर सगळे नियम भिंतीवरच राहतात. सॅनिटायझरच्या बाटल्या मात्र रुग्णांच्या हाताशी नकोत, सरबत समजून पिण्याचा धोका खरा आहे.

कोणी पॉझिटिव्ह आलं तर काय करणार, हा प्रश्न जरूर विचारा. ‘खोलीत ठेवून बाहेरून कडी लावू’ हे उत्तर आलं तर ते चुकीचं आहे. खोलीत का थांबायचं हे ज्याला कळत नाही, तो दार बडवत राहतो, पडतो, घाबरतो. वेगळी खोली, तिथे ठरलेला एक माणूस, खिडकीजवळ खुर्ची आणि कुटुंबाला त्याच दिवशी फोन, एवढी तयारी हवी.

बांधून ठेवण्याबद्दल स्पष्ट विचारा. चादरीने कंबर खुर्चीला बांधणं, मनगटाला ओढणी, उठता येऊ नये म्हणून पुढे अडकवलेला ट्रे, दोन्ही बाजूंचे कठडे सतत वर, ही सगळी बांधून ठेवण्याचीच रूपं आहेत. कठड्यावरून चढून पडलेला माणूस खाटेवरून घसरलेल्यापेक्षा जास्त उंचीवरून पडतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 नुसार मानसिक आरोग्य आस्थापनेत साखळीने बांधायला बंदी आहे. इतर शारीरिक बंधनही तात्काळ इजा टाळायचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि लागेल तेवढ्याच वेळासाठी करता येतं. त्याची नोंद ठेवावी लागते आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला 24 तासांत कळवावं लागतं. मनुष्यबळ कमी आहे, हे कारण कायद्याला चालत नाही.

आता अम्मांच्या गप्प होण्याबद्दल. तब्येतीचं कारण सापडलं नाही तर भाषेकडे बघा. या आजारात बरेचदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, बालपणीची टिकून राहते. सध्याच्या पाळीत तेलुगू येणारं कोणी आहे का? सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरांतल्या बाया कामाला असतील तर अवघड नाही. नसेल तर तुम्ही दहा-बारा शब्दांचा कागद देवनागरीत लिहून पाठवा: नीळ्ळु म्हणजे पाणी, नोप्पि म्हणजे दुखणं, आकलि म्हणजे भूक, आणि शौचासाठी तुमच्या घरात वापरात असलेला शब्द. तो खाटेशी लावायला सांगा. मास्कमुळे चेहरा दिसत नाही, म्हणून कर्मचाऱ्यांनी स्वतःचा हसरा मोठा फोटो छातीवर लावावा. खर्च काहीच नाही आणि रुग्ण कमी बिचकतात. चष्मा आणि कानाचं यंत्र रोज लावलं जातं का, यंत्राची बॅटरी चालू आहे का, तेही बघा. कित्येक ‘प्रतिसाद नाही’ इथेच सुटतात.

रविवारचा पाच मिनिटांचा कॉल आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटांचा करून घ्या. एक सकाळी अकराच्या सुमारास, एक जेवणाच्या वेळी. दुपारी चारनंतर या आजारात बेचैनी वाढते, तेव्हा नको. फोन डोळ्यांच्या उंचीवर, आवाज छोट्या स्पीकरवर. ‘मी कोण, ओळख बरं’ असं विचारू नका, आधी स्वतःचं नाव सांगा. प्रत्येक कॉलनंतर दोन ओळी लिहून ठेवा: जागेपणा, ओठ कोरडे की ओले, केस-नखं, कपडे, खोलीतला उजेड, सोबत कोण होतं. महिनाभराची ही टिपणं डॉक्टरांना तुमच्या काळजीपेक्षा जास्त उपयोगी पडतील.

भेटीसाठी मात्र आग्रह धरा, लाट ओसरते आहे. भाऊ सोलापुरात आहेत. दोन्ही डोस झालेले, एन-95 मास्क लावून, लक्षणं नसताना, अंगणात किंवा व्हरांड्यात आठवड्यातून अर्धा तास, नेहमी तेच एक माणूस, अशी लेखी विनंती करा. मे 2020 मध्ये नेदरलँड्समध्ये 26 वृद्ध-शुश्रूषा केंद्रांनी (नर्सिंग होम्सनी) अशाच शिस्तीने भेटी पुन्हा सुरू केल्या तेव्हा त्या पाहणीत नवा संसर्ग आढळला नव्हता, आणि तेव्हा लसही नव्हती. अम्मांना कोविड लसीचा पुढचा, म्हणजे प्रिकॉशन डोस द्यायचा का, तेही डॉक्टरांना विचारा. 60 च्या पुढच्या सहव्याधी असलेल्यांना तो 10 जानेवारी 2022 पासून, दुसऱ्या डोसनंतर 9 महिन्यांनी मिळू लागला होता.

घरी आणायचं का? आज लगेच नको, असं आमचं मत. जागा बदलली की या आजारात गोंधळ वाढतो, आणि गुंगीचं कारण न शोधता हलवलं तर तेच दुखणं घरी येईल. केंद्राला औषधतक्ता, वजन किंवा दंडाचा घेर, पंधरा दिवसांची नोंद, रात्रपाळीची संख्या आणि भेटीचा दिवस एवढं लेखी मागा आणि 48 तास द्या. चांगलं चालणारं केंद्रही या दिवसांत दमलेलं आहे, म्हणून भाषा सौम्य ठेवा. पण औषधांची यादी द्यायला नकार, बांधून ठेवल्याची खूण, कोणी काही न सांगितलेली जखम, किंवा डॉक्टरांना बोलवायला टाळाटाळ, यांतलं एकही दिसलं तर थांबू नका. तेव्हा हलवणं हेच कमी धोक्याचं. तक्रारीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आणि जिल्ह्याचं समाज कल्याण कार्यालय आहे.

भावांची भीती आम्हाला समजते, पर्याय कमी आहेत. तरी त्यांना सोबत घ्याच. प्रत्येक कामासाठी केंद्राशी बोलणारा माणूस एकच असू द्या आणि त्याचं नाव लेखी कळवा, नाहीतर दोघांना दोन उत्तरं मिळत राहतात. रोजच्या निरोपासाठी भाऊ, कागद आणि कॉलसाठी तुम्ही, अशी वाटणी करून आज संध्याकाळच्या आत साखरेचा आकडा मागवा.